पेडल ॲम्पच्या पुढे लावावे की लूपमध्ये?

गिटार ॲम्पच्या मागच्या बाजूला ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी नावे लिहिलेले दोन जॅक असतात आणि पुष्कळ वादकांच्या ॲम्पवर ते वर्षानुवर्षे रिकामेच राहतात. काही जण याच्या अगदी उलट वागतात. या दोन जॅकांचा ‘इफेक्ट्स लूप’ दिला आहे म्हणजे तो वापरलाच पाहिजे असे समजून हाताशी असलेली सगळी पेडल्स, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या छोट्या पेट्या, तिथे नेऊन जोडतात आणि मग आवाजात करकर आणणाऱ्या पेडल्सपैकी ओव्हरड्राइव्ह एवढा कर्कश का झाला, फझ मेल्यासारखा का वाटतो, याचा शोध घेत बसतात. दोन्ही प्रकारांत चूक एकच होते: लूपचा निर्णय पेडलकडे पाहून घेतला जातो. तो ॲम्पकडे पाहून घ्यायला हवा. आपल्या आवाजातले डिस्टॉर्शन, म्हणजे ती करकर, नेमके कोणत्या जागी तयार होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणते पेडल कुठे लावायचे याची यादी पाठ करावी लागत नाही.

ॲम्प म्हणजे एकाच पेटीत बसवलेली दोन यंत्रे. पिकअपमधून येणारा सिग्नल क्षीण असतो, साधारणपणे व्होल्टच्या काही दशांशांइतका, आणि तेवढ्याने स्पीकर हलत नाही. पहिले यंत्र, म्हणजे प्रीॲम्प, हा सिग्नल वाढवते आणि बास, मिडल, ट्रेबल या नॉबच्या मदतीने त्याचा रंग ठरवते. गेनचा नॉबही याच भागावर काम करतो. दुसरे यंत्र, म्हणजे पॉवर ॲम्प, त्या तयार सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देते. इफेक्ट्स लूप या दोघांच्या मधोमध असतो. सेंडच्या जॅकमधून प्रीॲम्पचा सिग्नल बाहेर पडतो, आपण जोडलेल्या पेडल्समधून फिरतो आणि रिटर्नच्या जॅकमधून पॉवर ॲम्पकडे परत जातो. दोन्ही जॅक रिकामे असतात तेव्हा रिटर्नच्या जॅकमधलाच एक छोटा संपर्क हा रस्ता आतल्या आत जोडून ठेवतो. या संपर्काकडे पुढे परत यावे लागणार आहे, कारण तो बिघडला की भल्याभल्यांची फसगत होते.

आता डिस्टॉर्शनकडे वळू. प्रीॲम्पमधली प्रत्येक पायरी ठरावीक उंचीपर्यंतच सिग्नल पेलू शकते. गेन वाढवत नेला की लहरींचे शेंडे त्या छताला टेकतात आणि कापले जातात. या कापाकापीमुळे मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश त्यात मिसळतात आणि आपल्या ओळखीचा तो भरदार, करकरीत आवाज तयार होतो. परंतु त्याबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात आणि लूपची सगळी गरज त्या दोन गोष्टींतूनच निर्माण झालेली आहे. पहिली अशी की मोठ्या आणि लहान सिग्नलमधला फरक जवळपास पुसला जातो. दुसरी अशी की एकाच वेळी दोन स्वर आत गेले, तर त्यांच्यापासून कोणीही न वाजवलेले नवे स्वर जन्माला येतात.

पहिली गोष्ट डीले, म्हणजे प्रतिध्वनी देणारे पेडल घेऊन तपासू. समजा, प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्या निम्म्या उंचीचा असावा असे आपण ठरवले आहे. म्हणजे मूळ स्वर १ धरला, तर प्रतिध्वनी ०.५, ०.२५, ०.१२५ असे विरत जातील. हे पेडल गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये लावले आणि प्रीॲम्पचे छत ०.१ वर आहे असे मानले, तर मूळ स्वर ०.१ वर कापला जातो आणि तिन्ही प्रतिध्वनीसुद्धा ०.१ वरच कापले जातात. कानाला चारही जवळपास सारख्याच जोराचे ऐकू येतात. जो प्रतिध्वनी हळूहळू विरावा म्हणून पेडल घेतले, तो विरतच नाही. तेच पेडल लूपमध्ये लावले तर मूळ स्वर आधी ०.१ वर कापला जातो आणि मग त्या कापलेल्या स्वराच्या प्रती ०.०५, ०.०२५, ०.०१२५ अशा क्रमाने लहान होत जातात. डिस्टॉर्शनचा पोत प्रत्येक प्रतीत तसाच राहतो आणि विरण्याचा क्रमही टिकतो. मोठ्या खोलीतल्या घुमण्याचा आभास देणाऱ्या रिव्हर्बमध्ये तर असे हजारो प्रतिध्वनी एकमेकांना खेटून येतात, त्यामुळे त्याची शेपटी प्रीॲम्पने वर खेचली की सगळ्या आवाजावर गढूळ पाण्यासारखा थर बसतो.

दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. आपण ११० हर्ट्झचा ‘ए’ वाजवला आणि त्याचा प्रतिध्वनी अजून ऐकू येत असतानाच ११६.५ हर्ट्झच्या ‘बी फ्लॅट’वर गेलो, असे समजा. हे दोन स्वर एकत्रितपणे डिस्टॉर्शनमध्ये शिरले, तर एकाची दुप्पट करून त्यातून दुसरा वजा केल्यावर येणारे स्वरही बाहेर पडतात: १०३.५ आणि १२३ हर्ट्झ. हे आकडे अनुक्रमे ‘जी शार्प’ आणि ‘बी’ यांच्या अगदी जवळचे आहेत. म्हणजे वादकाने एकामागून एक दोन स्वर वाजवले आणि स्पीकरमधून मात्र सलग चार अर्धस्वरांचा गुंता बाहेर आला. कॉर्ड बदलताना प्रत्येक जुनी कॉर्ड नव्या कॉर्डवर सांडत असेल, तर काय होईल याची कल्पना करता येते. डीले लूपमध्ये असेल तर प्रत्येक स्वर एकटा, आपापल्या वेळी डिस्टॉर्शनमधून जातो. प्रती नंतर शेजारी शेजारी ठेवल्या जातात, पण एकमेकींत मिसळून नवे काही घडवत नाहीत. फुटक्या कर्ण्यातून दरीत हाक मारली, तर डोंगर त्या फुटक्या आवाजाचे स्वच्छ प्रतिध्वनी परत देतो. मात्र दरीतली हाक आणि तिचे सगळे प्रतिध्वनी मिळून त्याच फुटक्या कर्ण्यातून वाजवले, तर शब्द कळत नाहीत.

यातून एक गोष्ट सरळ निघते आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते: डिस्टॉर्शन नसेल, तर लूपचा फायदाही जवळपास नसतो. प्रीॲम्प स्वच्छ चालत असेल, म्हणजे जेवढे आत येईल ते सगळे सारख्याच प्रमाणात वाढवत असेल, तर डीले त्याच्या आधी आला काय आणि नंतर आला काय, बेरीज तीच येते. ज्यांचा ॲम्प नेहमी स्वच्छ आवाजावरच असतो आणि ज्यांचे डिस्टॉर्शन पेडलमधून येते, त्यांनी पेडल्सच्या ओळीत आधी डिस्टॉर्शन आणि नंतर डीले, रिव्हर्ब असा क्रम ठेवून सगळे थेट इनपुटला जोडावे. दोन लांब केबलींचा खर्च आणि त्यांची कटकट वाचते.

दुसरे टोकही लक्षात घ्यावे लागते. पॉवर ॲम्पचे डिस्टॉर्शन लूपच्या नंतर घडते. फेंडर डिलक्स रिव्हर्ब, व्हॉक्स एसी ३० किंवा मार्शलचे ‘१९५९’ क्रमांकाचे मॉडेल या जुन्या, मूळ रचनेच्या ॲम्पमध्ये लूप नसतो, आणि तो नसल्याबद्दल हळहळण्याचे फारसे कारणही नाही. कारण हे ॲम्प आवाज बराच वाढवल्यावर ज्या गुणासाठी नावाजले गेले, त्यात पॉवर ॲम्पच्या व्हॉल्व्हचा वाटा मोठा आहे, आणि लूप असता तरी त्यातला डीले त्या डिस्टॉर्शनच्या आधीच पडला असता. चित्र बदलले ते १९७० च्या दशकात मास्टर व्हॉल्यूम रुळल्यावर. मार्शलने १९७५ मध्ये आणलेल्या २२०३ सारख्या ॲम्पमध्ये प्रीॲम्प हवा तेवढा तापवून शेवटचा आवाज मात्र मास्टरने आवरता येऊ लागला. डिस्टॉर्शनचे मुख्य ठिकाण प्रीॲम्पमध्ये सरकले आणि त्याच्या नंतर शिरण्यासाठी दार हवे झाले. त्या २२०३ ला ते दार नव्हतेच. पुढे निघालेल्या त्याच्या पुनरावृत्तीत मात्र लूप बसवण्यात आला.

आपला ॲम्प कोणत्या जातीचा आहे हे पाच मिनिटांत तपासता येते. मास्टर अगदी खाली आणि गेन वर ठेवून वाजवावे. आवाज लहान असूनही करकर भरपूर असेल, तर ती प्रीॲम्पची आहे आणि लूपचा उपयोग होईल. मग गेन कमी करून मास्टर वाढवत न्यावा. ज्या टप्प्यावर आवाज वाढायचा थांबून दाट होऊ लागतो, तिथून पॉवर ॲम्पचे डिस्टॉर्शन सुरू होते. आपण प्रत्यक्षात त्या टप्प्याच्या वर वाजवत असू, तर लूपकडून फार अपेक्षा ठेवू नये.

कोरस, फ्लँजर आणि फेझर या आवाजाला लाटांसारखी हालचाल देणाऱ्या पेडल्सबाबत मी कोणालाही ठाम नियम सांगत नाही. लूपमध्ये त्यांची हालचाल ठसठशीत ऐकू येते, कारण डिस्टॉर्शनने भरलेल्या असंख्य वरच्या स्वरांशांवर त्यांना काम करायला मिळते. कधी कधी ती इतकी ठसठशीत होते की जेट विमान डोक्यावरून गेल्यासारखे वाटते. डिस्टॉर्शनच्या आधी लावल्यास हालचाल मुरते आणि मूळ स्वराचाच भाग बनते. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा फेझर लूप नसलेल्या मार्शलच्या पुढेच, म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये, जोडलेला होता, आणि तो घोळदार आवाज ज्यांना आवडतो त्यांनी फेझर लूपमध्ये नेऊन तो शोधू नये. कोरस मात्र मी स्वतः नेहमी लूपमध्येच ठेवतो; आधी लावला की त्याचे दोन किंचित वेगळे स्वर डिस्टॉर्शनमध्ये भांडत बसतात.

लूपचा खरा मौल्यवान उपयोग, माझ्या मते, डीलेपेक्षाही साध्या पेडल्समध्ये आहे. सिग्नल फक्त मोठा करणारा बूस्टर घ्या. तो गिटारनंतर, इनपुटच्या आधी लावला आणि प्रीॲम्प आधीच छताला टेकलेला असेल, तर सोलोच्या वेळी पाय दिल्यावर आवाज मोठा होत नाही, फक्त अधिक करकरीत होतो आणि बँडच्या गदारोळात उलट मागे पडतो. तोच बूस्टर लूपमध्ये असेल, तर डिस्टॉर्शन आहे तेवढेच राहून आवाज वाढतो, अर्थात पॉवर ॲम्पकडे तेवढी जागा शिल्लक असली पाहिजे. बास-ट्रेबलचे प्रमाण बदलणाऱ्या ईक्यू पेडलचे तसेच आहे. पुढे लावलेला ईक्यू डिस्टॉर्शनचे चारित्र्य बदलतो. बास कमी करून आत पाठवला तर जाड तारा घट्ट आणि स्पष्ट वाजतात. लूपमधला ईक्यू तयार झालेल्या आवाजाला आकार देतो. व्हॉल्यूम पेडल पुढे असेल तर ते गिटारच्या नॉबसारखे वागते आणि आवाज कमी करताना करकरही कमी करते. लूपमध्ये ते करकर तशीच ठेवून फक्त आवाज चढवते-उतरवते. मात्र साध्या, बॅटरी न लागणाऱ्या व्हॉल्यूम पेडलचे दोन प्रकार मिळतात: गिटारला थेट जोडण्यासाठी सुमारे २५० किलोओहमचे आणि बफरनंतर (बफर म्हणजे लांब केबलीतही सिग्नल क्षीण होऊ न देणारे सर्किट) किंवा लूपमध्ये वापरण्यासाठी सुमारे २५ किलोओहमचे. पहिला प्रकार लूपमध्ये लावल्यास चढ-उतार एकसारखा होत नाही.

वाजवलेले साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या लूपर पेडलचा तर वेगळाच लाभ आहे. ते लूपमध्ये असेल तर स्वच्छ चॅनेलवर कॉर्ड्स ध्वनिमुद्रित करून, मग डिस्टॉर्शनच्या चॅनेलवर जाऊन त्यावर सोलो वाजवता येतो, कारण आधीचे वादन प्रीॲम्पच्या पलीकडे साठवलेले असते. तेच पेडल पुढे लावले की चॅनेल बदलताच साठवलेल्या कॉर्ड्सही करकरू लागतात.

वादन थांबल्यावर सिग्नल बंद करून खरखर अडवणाऱ्या नॉइज गेटचे गणित थोडे गुंतागुंतीचे आहे. पुढे लावलेला गेट फक्त गिटारची गुणगुण थांबवतो. प्रीॲम्पची सळसळ त्याच्या नंतर तयार होते, त्यामुळे तिच्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. लूपमध्ये लावला तर सळसळ सापडते, पण तिथे पोहोचलेल्या सिग्नलमध्ये विरत चाललेला स्वर आणि सळसळ यांच्या जोरात फारसे अंतर उरलेले नसते, म्हणून गेट स्वराची शेपटीही तोडतो. बॉस एनएस-२ सारख्या पेडलला स्वतःचे सेंड-रिटर्न जॅक असतात ते याचसाठी. गिटार त्याच्या इनपुटला, त्याचा सेंड ॲम्पच्या इनपुटला, ॲम्पचा सेंड त्याच्या रिटर्नला आणि त्याचा आउटपुट ॲम्पच्या रिटर्नला, अशी जोडणी केली की पेडल कान लावते ते स्वच्छ गिटारकडे आणि दार बंद करते ते प्रीॲम्पनंतर. मल्टी-इफेक्ट्सची जी ‘फोर केबल मेथड’ म्हणतात तिचा सांगाडाही हाच आहे: एकाच पेटीतले वाह आणि ओव्हरड्राइव्ह प्रीॲम्पच्या आधी पडतात, डीले आणि रिव्हर्ब नंतर.

ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह आणि सगळे ओव्हरड्राइव्ह पुढेच राहू द्यावेत. फझ तर, विशेषतः जुन्या फझ फेसच्या धाटणीचा, थेट गिटारलाच जोडावा. त्याचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, इतका कमी असतो की पिकअप हा त्याच्या सर्किटचाच भाग बनतो, आणि मध्ये बफर किंवा प्रीॲम्प आला की गिटारचा नॉब कमी करून आवाज स्वच्छ करण्याची त्याची खुबी नाहीशी होते.

लूप वापरायचे ठरल्यावर पहिली अडचण पातळीची येते. पेडल्स गिटारच्या क्षीण सिग्नलसाठी बनवलेली असतात, तर काही ॲम्पच्या सेंडमधून लाइन पातळीचा सिग्नल निघतो. व्यावसायिक लाइन पातळी, म्हणजे अधिक ४ डीबीयू, १.२३ व्होल्ट असते; घरगुती उपकरणांची उणे १० डीबीव्ही ही पातळी ०.३१६ व्होल्ट असते. दोघींत सुमारे १२ डेसिबलचे अंतर आहे. १.२३ व्होल्टचा सिग्नल तळापासून शिखरापर्यंत मोजला तर सुमारे ३.५ व्होल्ट भरतो, आणि तार जोरात छेडली की तो याच्याही कितीतरी वर उसळतो. ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला कितीही झाले तरी ९ व्होल्टच्या आतच हालचाल करावी लागते, त्यामुळे ते स्वतःच कापू लागते आणि जे डिस्टॉर्शन आपण मागितलेच नव्हते ते डीलेमध्ये ऐकू येते. म्हणून रोलँड जेसी-१२० सारख्या ॲम्पच्या मागे लूपची पातळी बदलण्यासाठी बटन असते. पेडलसाठी ते कमी पातळीवर आणि रॅकमधल्या उपकरणांसाठी जास्त पातळीवर ठेवावे. बटन नसेल तर प्रीॲम्पच्या चॅनेलचा व्हॉल्यूम कमी आणि मास्टर जास्त, अशी विभागणी केली की बहुतेक वेळा काम भागते, कारण सेंडमधून बाहेर जाणारी पातळी चॅनेलच्या व्हॉल्यूमवर अवलंबून असते.

दुसरा प्रश्न लूप सीरीज आहे की पॅरलल, हा आहे. सीरीज लूपमध्ये सगळा सिग्नल पेडल्समधून जातो. पॅरलल लूपमध्ये एक फाटा आतल्या आत सरळ पॉवर ॲम्पकडे जातो आणि पेडल्समधून आलेला दुसरा फाटा त्यात मिक्सच्या नॉबने मिसळला जातो. अशा लूपमध्ये डीलेचा मिक्स पूर्ण ठेवून फक्त प्रतिध्वनीच बाहेर पाठवावा लागतो, एरवी मूळ स्वर दोन वाटांनी येतो. डिजिटल पेडलला सिग्नल बदलून परत आणायला एक-दोन मिलिसेकंद लागत असतील, तर त्या दोन वाटा एकमेकींचे काही स्वर खोडतात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. ईक्यू, व्हॉल्यूम पेडल, नॉइज गेट ही पेडल्स तर पॅरलल लूपमध्ये निरुपयोगीच आहेत, कारण त्यांनी अडवलेला सिग्नल शेजारच्या वाटेने बिनदिक्कत पुढे जातो. मिक्सचा नॉब पूर्ण फिरवल्यावर सरळ वाट पूर्ण बंद होत असेल तरच ती तिथे चालतील.

केबलचे नुकसान लोक समजतात त्यापेक्षा लूपच्या जातीवर जास्त अवलंबून असते. गिटारच्या केबलची धारकता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. सेंडचा आउटपुट इम्पिडन्स १ किलोओहम असेल, तर ५ मीटर केबलचा परिणाम कानाच्या मर्यादेच्या फार पलीकडे, ३०० किलोहर्ट्झच्या वर, सुरू होतो. पण बफर नसलेल्या काही व्हॉल्व्ह लूपमध्ये हा इम्पिडन्स खूप जास्त असतो; तो १०० किलोओहम धरला तर तीच केबल सुमारे ३२०० हर्ट्झपासूनच ट्रेबल खाऊ लागते. अशा ॲम्पला सेंडजवळच आखूड केबलने एक बफर जोडावा, किंवा लूपमधली पेडल्स पायाशी न ठेवता ॲम्पवरच ठेवावीत. आणि लूप जोडताच गुणगुण सुरू झाली, तर बहुधा ॲम्प आणि पेडल्सचा पॉवर सप्लाय यांच्या अर्थिंगची साखळी बंद झालेली असते. प्रत्येक पेडलला वेगळा, आयसोलेटेड पुरवठा देणे हा त्यावरचा सुरक्षित उपाय. मेन्सच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून गुणगुण थांबवणे जिवावर बेतू शकते.

आता त्या छोट्या संपर्काकडे. माझ्या एका ॲम्पचा आवाज वाजवता वाजवता मधूनच अर्धा व्हायचा आणि जोरात कॉर्ड मारली की परत यायचा. मी व्हॉल्व्ह बदलले, नॉबमागचे पॉट साफ केले, केबली बदलल्या. दोष निघाला रिटर्नच्या जॅकमध्ये: कधीच न वापरल्यामुळे त्यातल्या पट्टीवर गंज चढला होता आणि प्रीॲम्पचा सिग्नल पॉवर ॲम्पपर्यंत धड पोहोचत नव्हता. सेंड आणि रिटर्न एका आखूड केबलने एकमेकांना जोडून पाहावेत. आवाज लगेच पूर्ववत झाला तर दोष तिथेच आहे. जॅकमध्ये प्लग अनेक वेळा आत-बाहेर केला तरी पुष्कळदा पट्टी घासून साफ होते.

रिटर्नच्या जॅकमध्ये प्लग घातला की प्रीॲम्पचा पॉवर ॲम्पशी असलेला संबंध तुटतो, याचाही उपयोग करून घेता येतो. प्रीॲम्प पेडल किंवा मॉडेलर (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे उपकरण) थेट रिटर्नला जोडला की आपला ॲम्प निव्वळ पॉवर ॲम्प आणि स्पीकर म्हणून काम करतो, आणि मॉडेलरच्या आवाजावर आपल्या प्रीॲम्पचा रंग चढत नाही. तसेच सेंडमधून रेकॉर्डिंगच्या उपकरणाकडे सिग्नल नेता येतो. त्यात स्पीकरचा परिणाम नसतो, म्हणून कॅबिनेटचे, म्हणजे स्पीकरच्या पेटीचे, सिम्युलेशन नंतर लावावे लागते. मात्र व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर सेंड वापरत असतानाही स्पीकर किंवा योग्य लोड जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

लूप नसलेल्या ॲम्पवर प्रीॲम्पच्याच डिस्टॉर्शनमध्ये डीले वापरायचा असेल, तर पुढे लावलेल्या पेडलवर मिक्स बराच कमी, पुनरावृत्ती एक किंवा दोन आणि प्रतिध्वनींचा ट्रेबल कापलेला, अशी रचना करावी. मघाच्या उदाहरणात पहिला प्रतिध्वनी ०.५ ऐवजी ०.०८ वर ठेवला, तर निदान मूळ स्वर थांबल्यावर तो छताच्या खाली राहतो आणि मूळ स्वरापेक्षा लहान ऐकू येतो. ॲम्पसमोर मायक्रोफोन लावलेला असेल, तर डीले आणि रिव्हर्ब मिक्सरवरच टाकावेत. तिथे ते प्रीॲम्प, पॉवर ॲम्प आणि स्पीकर या तिन्हींच्या नंतर येतात, जिथे कोणताही लूप पोहोचू शकत नाही.